तंबाखू नसलेल्या दिवशी

साडीवाल्याने मोरपंखी रंगाची साडी झटकून रेणुकाच्या मांडीवर पसरली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. साडीत रडण्याजोगं काही नव्हतं. उलट साडी चांगलीच होती, काठ रुंद, पोत मऊ, लेकीच्या, मोनिकाच्या, रंगाला खुलून दिसेल अशी. लेकीचं लग्न दिवाळीनंतर ठरलेलं, शेजारी होणारी विहीण राजव्वा बसलेली, समोर सरबताचे ग्लास आलेले, डोक्यावर पंखा फिरतोय. अशा वेळी बाईच्या डोळ्यांत पाणी आलं तर लोक कौतुकानेच बघतात, आईचं काळीज म्हणतात. पण हे पाणी तसलं नव्हतं. लग्नाचा विचारही त्या घडीला तिच्या डोक्यात नव्हता, कसलाच नव्हता. वायसर गेलेल्या नळासारखं ते आपलं गळत होतं, आणि साडीवर पडू नये म्हणून तिने मान मागे घेतली. "काय झालं हो मावशी?" साडीवाल्याने विचारलं. "काय न्हाई, तंबाखू," ती म्हणाली. उत्तर तोंडात बसलेलं होतं, विचार न करताच बाहेर पडलं. साडीवाला बिचारा साधा माणूस. त्याने मागे-पुढे पाहिलं, नाक वर करून हुंगलं, आणि जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "आपल्या दुकानात कोन तंबाखू मळतंय मावशी? आमच्यात कुनी खातच न्हाई." मोनिका खुदकन हसली. राजव्वा हसली नाही. तिने रेणुकाकडे एकवार पाहिलं, आणि मग पोत बघायचा म्हणून साडी आपल्या मांडीवर ओढून घेतली.

साडी घेतली, रिक्षा केली, दिल्लीगेटच्या गर्दीतून रिक्षा सावेडीकडे निघाली, आणि मोनिका नि राजव्वा ब्लाउजच्या कापडावर बोलत राहिल्या. रेणुका कडेला बसून रस्ता बघत होती, म्हणजे बघत नव्हती. तिला एकच गोष्ट कळली होती आणि ती काही केल्या परत आत ढकलता येत नव्हती. आज विडी कारखान्याला सुट्टी. काल संध्याकाळी विड्यांच्या जुड्या देऊन आल्यापासून तिने पानाला हात लावलेला नव्हता. सकाळी डोक्यावरून पाणी घेतलं होतं, धुतलेली साडी नेसली होती, बोटांची नखंसुद्धा घासली होती, कारण विहिणीबरोबर कापड बाजारात जायचं तर अंगाला तंबाखूचा वास नको. आणि तरी डोळे वाहिले. मग रोजचे कशाने वाहत होते? काल, परवा, गेल्या उन्हाळ्यात, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात, तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसलं की पहिल्या जुडीपासून जे पाणी यायचं आणि जे ती दंडाने पुसत राहायची, ते कशाचं होतं?

सावेडीतल्या त्यांच्या श्रमिकनगरात कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर कुणी विचारत नाही. तिथली पद्मशाली बाई, तेलुगू विणकराच्या घरातली, जन्मल्यापासून ह्या वासात असते. आजी विड्या वळायची, आई वळायची, पाळणा टांगायचा तोही सुपाच्या वर, म्हणजे हाताने विडी नि पायाने दोरी. खोकला आला, तंबाखूचा. डोकं गरगरलं, तंबाखूचं. जेवण जात नाही, झोप लागत नाही, हात थरथरतात, सगळ्याला तंबाखू. हातमाग गेले, मागावर बसणाऱ्यांच्या लेकी-सुना सुरतेच्या साड्या घ्यायला लागल्या, पण तंबाखूने काही हात सोडला नाही, आणि तिला बोल लावायची सवयही सुटली नाही. घरात तेलुगू, बाहेर मराठी, कारखान्यात गप्प, असं सगळं नेमस्त चाललेलं. रेणुकाला वाटायचं की ह्या गल्लीत जन्म मिळाला हे एका परीने बरंच झालं. दुसऱ्या कुठल्या गल्लीत बाई दोन वर्षं रोज सगळ्यांच्या देखत रडली असती तर बोभाटा झाला असता. इथे ती ओट्यावर चार बायकांच्या मध्ये बसून रडत होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. पत्ता तिचा तिलाही नव्हता, हीच तर गंमत.

सकाळी डोळे उघडण्याआधीच ते छातीवर येऊन बसलेलं असायचं. ते काय, हे तिला सांगता आलं नसतं. दुखणं म्हणावं तर दुखत नव्हतं. नवरा अंबादास रात्रपाळीहून, एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीच्या गेटवरून, परत यायचा, चपला काढायचा, आणि चहा मागायच्या आधी विचारायचा, "उठलीस?" ती पडल्या पडल्या हो म्हणायची आणि उठायला तिला पुष्कळ वेळ लागायचा. सगळं शरीर आधी गोळा करून आणावं लागायचं. अंबादास भला माणूस. त्याने कधी हात उगारला नाही, दारूला शिवला नाही, हल्ली तर चहाही स्वतःच ठेवायला लागला होता आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. लेक शिकली, नोकरीला लागली, चांगलं स्थळ मिळालं. रेणुका मनात सगळं तपासून पाहायची, कुठे काही फुटलंय का, गळतंय का. काही नव्हतं. दुःखाला कारण असलं की त्याला धरता तरी येतं, लोकांना सांगता येतं, लोक येऊन बसतात. हिच्या दुःखाला कारणच सापडत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटायची. कारखान्यातला चेकर आताशा तिच्या विड्या बाजूला काढायचा. "रेनुकाबाई, हात सैल पडाया लागलाय तुमचा," म्हणायचा. गच्चीवर कपडे वाळत घालताना कधीकधी तिच्या मनात यायचं की उद्या सकाळी जाग आलीच नाही तर किती सोपं होईल. हा विचार तिला भयंकर वाटत नव्हता, थंडगार वाटायचा, आणि म्हणूनच ती त्याला घाबरायची.

आणि ह्या सगळ्याच्या मागे भूदेवीअक्का होती. रेणुकाची थोरली बहीण. तिचं नाव घरात काढत नसत. पण रेणुकाला भीती होती ती तिचीच, की आपण अक्काच्या वाटेला लागलो. अक्का म्हणजे गल्लीतली सगळ्यात तोंडाळ पोर. मराठी असं बोलायची की भाजीवाल्या बायका हार मानायच्या, नायना, म्हणजे वडील, कारखान्याच्या मालकाशी बोलायला जाताना तिलाच बरोबर न्यायचे, कारण त्यांना मराठी कळायचं पण जिभेवर यायचं नाही. त्या अक्काला पहिलं बाळंतपण झालं, मुलगा झाला, आणि महिन्याभरात ती गप्प झाली. मग रात्री उठून बसायला लागली. मग तेलुगूत बोलत सुटली, सारखी, त्याच त्या चार गोष्टी. देवऋषी झाला, नवस झाला, शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून नायना तिला घेऊन एसटीने लांबच्या एका मोठ्या दवाखान्यात गेले. बाळाला धरायला रेणुकाला बरोबर घेतलं. रेणुका तेव्हा शाळेत होती. ती बाळ मांडीवर घेऊन बाकावर बसली होती, आणि समोर टेबलाच्या पलीकडे डॉक्टर. अक्का बोलायला लागली. ज्या पोरीने भल्याभल्यांना मराठीत गप्प केलं होतं तिला त्या दिवशी मराठीचा एक शब्द आठवेना. ती तेलुगूत बोलत राहिली, डॉक्टरांकडे बघून, हात जोडून. डॉक्टरांनी नायनाकडे पाहिलं. "काय म्हणतात त्या?" नायनाने रुमालाने मान पुसली. परक्या गावी, परक्या माणसापुढे, पोटच्या पोरीचं ते सगळं उघडं पडलेलं त्यांना बघवेना. मोडक्या मराठीत ते म्हणाले, "काय नाय साहेब. बडबडते. अर्थ नाय त्याला." डॉक्टरांनी मान हलवली. अक्काला ठेवून घेतलं. ती परत आली तेव्हा जाडी झाली होती आणि बोलत नव्हती. काही वर्षांनी कावीळ होऊन वारली, तोवर कोपऱ्यात बसून विडीची पानं कापायची, मापाच्या पत्र्याच्या तुकड्याबरहुकूम, एकसारखी, सुंदर. अर्थ नाही त्याला, हे नायना म्हणाले होते, आणि नायना खोटं बोलत नसत. रेणुकाने ते धरून ठेवलं. बाकावर बसून आपण अक्काचा शब्द न् शब्द ऐकला होता, हे तिला आठवत होतं. पण वेड्या माणसाचं बोलणं म्हणून ते तिने मनात वेगळ्या जागी टाकलं होतं आणि तिकडे ती जात नसे.

ते बाळ म्हणजे कल्याण. आजीने आणि रेणुकाने त्याला वाढवलं. बाप दुसरं लग्न करून सोलापूरला गेला. कल्याण आता तिशी ओलांडलेला, सावेडी नाक्यावर त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, हात सोन्यासारखा, वागायला गरीब. पण लग्न जमेना. दोनदा जमत आलं आणि दोनदा मुलीकडच्यांना कुणीतरी जाऊन सांगितलं, आई वेडी होती म्हणून. दुसऱ्या वेळी तो आपल्या मावशीला, रेणुकाला, म्हणाला होता, "चिन्नम्मा, मला एखाद्या दिवशी झोप नाही लागली तर मी घड्याळ बघत बसतो. वाटतं, आलं." तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि भात वाढला. आणि आता, रिक्षा सावेडीत वळत असताना, तिला वाटलं की तेच आपल्या मोनिकाच्या वाट्याला येणार. राजव्वाने पाहिलंय. मावशी वेडी, आई रडते. कोण करून घेईल?

तिघी खाली उतरल्या. राजव्वा आपल्या घराकडे वळताना एकदा थांबली आणि मग गेली. ती रात्र रेणुकाने कशी काढली ते सांगण्यात अर्थ नाही.

आता सृष्टीबद्दल सांगायला हवं. सृष्टी ह्याच गल्लीतली, बत्तीनांची नात, पुण्याला समाजकार्य शिकून आलेली. सरकारी दवाखान्याने तिला इथल्या तेलुगू लोकांसाठी नेमलं होतं. मनाच्या त्रासाचं ऐकून घ्यायचं, गरज पडली तर सिव्हिलला डॉक्टरबाईंकडे न्यायचं, आणि शेजारी बसून तेलुगूचं मराठी करायचं, असं तिचं काम. बुधवारी मार्कंडेय मंदिराच्या सभागृहातल्या मागच्या खोलीत ती बसायची. एक टेबल, दोन खुर्च्या, दाराला पडदा, भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र. पहिल्या बुधवारी बायका आल्या, चित्र बघितलं, चहा प्यायला, सृष्टीला लग्नाचं विचारलं आणि गेल्या. पुढच्या बुधवारी चहालाही कुणी नाही. न येऊन करतील काय? त्या पडद्याआड जो जाईल त्याची गल्लीभर दवंडी. शिवाय समोरासमोर खुर्चीत बसून, डोळ्यांत डोळे घालून, हात रिकामे मांडीत ठेवून ह्या बायका जन्मात कधी बोललेल्या नाहीत. हात रिकामे असले की त्यांना बोलणं सुचतच नाही. सृष्टीने काही आठवडे पंख्याखाली एकटीने काढले, आणि मग एका बुधवारी आजीचं सूप काखेत मारून ती सरळ राजव्वाच्या ओट्यावर येऊन बसली. "मला विडी शिकवा," म्हणाली. तिची पहिली विडी पोटुशी बाईसारखी मध्ये फुगलेली निघाली, दुसरीचा धागा सुटला. बायकांना इतकं हसू आलं की विचारू नका. "एवढं शिकलीस नि विडी वळता येईना? कोण नांदवणार तुला?" पण शिकवायला लागल्या. ओट्यावर कुणी कुणाकडे बघत नाही. नजर पानावर, बोटं चाललेली, आणि बोलणं आपलं खालून वाहत असतं, कोण बोललं नि कोणी उत्तर दिलं ह्याचाही पुष्कळदा पत्ता लागत नाही. तिथे सृष्टीने काही विचारलं नाही. आठ-पंधरा दिवसांत एकजण आपणहून म्हणाली की तिच्या डोक्यात मुंग्या चालतात. मग दुसरी म्हणाली, सुनेचा आवाज ऐकला की हातपाय गार पडतात. सृष्टी विडी वळत म्हणायची, "कधीपासून, अव्वा?" एवढंच.

सुट्टीनंतरचा तो दिवस बुधवारच होता. रेणुका ओट्यावर गेली कारण न जाणं जास्त दिसलं असतं. राजव्वा, सृष्टी, आणखी दोघी. तंबाखू होतीच, आणि डोळेही लगेच वाहायला लागले, वाट बघत असल्यासारखे. तिने दंडाने पुसले. कात्र्या कुरकुर चालल्या होत्या. पलीकडे कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. राजव्वाने एक जुडी बांधली, खाली ठेवली, आणि मान वर न करता तेलुगूत, वहिनीला हाक मारावी तशी, म्हणाली, "वदिना, काल दुकानात तंबाखू नव्हती."

रेणुकाचा हात पानावर थांबला. तिच्या आतून कुणीतरी म्हणालं, मोडलं लग्न. सगळ्यांच्या देखत मोडलं. तिला उठून जायचं होतं, पण सूप मांडीवर होतं आणि सुपातली तंबाखू सांडेल म्हणून ती उठली नाही. अशा वेळी माणसाला काय काय सुचतं! सांडू नये म्हणून बसून राहिली, आणि बसून राहिली म्हणून बोलली.

"नव्हती," ती म्हणाली.

कुणी वर बघितलं नाही. कात्री चालू राहिली. त्या कात्रीच्या आवाजाने तिला धीर आला, का ते तिचं तिलाच ठाऊक.

"माझे डोळे तंबाखूने वाहत नाहीत," ती म्हणाली. "आधी मलाही वाटायचं. सकाळी उठवत नाही मला. अंग असतं, मी नसते. अन्न गिळते, चव नाही. लेकीचं लग्न आहे नि मला आनंद होत नाही, मी हसते ती बघून बघून हसते, बाकीच्या कधी हसतात ते बघून. झालं काहीच नाही. कुणी मारत नाही, कुणी टाकून बोलत नाही. आणि तरी वाटतं की सकाळी जागच येऊ नये." मग हळूच म्हणाली, "अक्काचंही असंच सुरू झालं होतं."

सृष्टीची बोटं थांबली होती. राजव्वाची नव्हती. राजव्वाने पान गुंडाळलं, टोक दुमडलं, धागा फिरवला, आणि म्हणाली, "आणि हे लग्न मोडेल म्हणून सगळं पोटात ठेवलंस?"

रेणुकाने हातातलं पान सुपात ठेवलं.

"आम्ही दोघी एका पाटावर शिकलो," राजव्वा इतर दोघींना सांगितल्यासारखं म्हणाली, "हिच्या अक्काने आम्हाला दोघींना पाढे शिकवले. तिला वेडी म्हणणाऱ्यात मी कधी नव्हते. आणि हिला वाटतं मी लग्न मोडीन. मांडवात रडकी विहीण मात्र मला चालायची नाही, आत्ताच सांगते. फोटोत वाईट दिसतं. दिवाळीला अवकाश आहे. सृष्टी, कधी नेतेस हिला?"

आणि मग कुणीतरी हसलं. रेणुकाच होती ती. ठरवून नव्हे, इतर कुणी हसण्याआधीच. नाकातून पाणी नि तोंडात हसू, अशी बाई फार काही शोभिवंत दिसत नाही, पण तिला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की भिंतीला टेकून बसावं लागलं.

सिव्हिलच्या पायऱ्या चढताना मात्र हलकेपणा गेला. सृष्टी वाटेत म्हणाली होती, "तू तेलुगूतच बोल, चिन्नम्मा. मी शेजारी बसून मराठीत सांगते." आणि रेणुका मनात म्हणाली होती, नायनाही शेजारीच बसले होते. पोरगी चांगली, पण पोरगीच. लाज वाटली तिला, किंवा घाई झाली, आणि तिनेही म्हटलं, असंच काहीतरी बोलते, तर? रेणुकाला मराठी येत होतं, चांगलं येत होतं. बाजार, बँक, शाळा, सगळं तिने मराठीत केलं होतं. पण छातीवरचं ते ओझं मराठीत नव्हतंच कधी. ते तेलुगूतच येऊन बसलं होतं. डॉक्टरबाई तरुण होत्या, दमलेल्या, केस वर बांधलेले. त्यांनी सृष्टीकडे न बघता रेणुकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बोला तुम्ही. मला घाई नाही." बाहेर रांग होती, घाई असणारच, पण म्हणाल्या खऱ्या.

रेणुका एक वाक्य बोलली. सृष्टीने ते मराठीत सांगितलं. रेणुका कान देऊन ऐकत होती, चेकरसारखी. वाक्य पुरतं होतं. दुसरं बोलली. तेही पुरतं आलं. अंग असतं, मी नसते, हेसुद्धा सृष्टीने गाळलं नाही, तसंच सांगितलं, आणि डॉक्टरबाईंनी मान हलवून लिहून घेतलं, "असं होतं," म्हणाल्या, जशी काही ती ताप-खोकल्यासारखी गोष्ट आहे. सकाळी जाग येऊ नये, हेही तिने सांगितलं. डॉक्टरबाईंनी त्यावर आणखी दोन गोष्टी विचारल्या, सरळ, कुजबुज न करता. रेणुकाने सरळ उत्तर दिलं. आपलं बोलणं असं दुसऱ्या भाषेत जाऊन, तिथे उभं राहून, परत आपल्याकडे बघतंय हे तिने आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं. त्या बोलण्याला अर्थ होता. एकामागून एक, धड, नीट लागलेली वाक्यं होती ती.

आणि मग तिच्या तोंडून आणखी वाक्यं यायला लागली. तिने ती शोधली नव्हती. इतकी वर्षं जिकडे ती गेली नव्हती तिकडून ती वाक्यं आपणहून आली, अक्काच्याच आवाजात, अक्काच्याच हेलात. "बाळ माझ्या हातून पडेल. माझ्या हातात जोर राहिला नाही. त्याला काही दिवस माझ्या आईकडे द्या, मी बरी होईपर्यंत. मला फक्त झोप द्या. मला भीती वाटते, मला कुणीतरी धरा." सृष्टीने एकदा तिच्याकडे गोंधळून पाहिलं, पण कबूल केल्याप्रमाणे सगळं मराठीत सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे न करता.

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता विचारलं, "बाळ किती महिन्यांचं आहे?"

रेणुका त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती मराठीत बोलली, न अडखळता. "बाई, ते बाळ माझं न्हाई. माझ्या बहिनीचं हाय. तीस-बत्तीस वर्सं झाली. ती हे बोलली हुती डॉक्टरांफुडं. आमच्या वडलांनी सांगितलं, बडबडते. आमाला तेच खरं वाटलं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बाळंतपणानंतर काही बायकांना असा आजार होतो. मी रोज बघते. त्या जे मागत होत्या तेच आम्ही सांगतो: झोप, औषध, बाळ काही दिवस घरातल्या दुसऱ्या कुणी सांभाळायचं. बहुतेकजणी बऱ्या होतात." आणि म्हणाल्या, "तुमची बहीण भानावर होती. फार नीट सांगत होत्या त्या."

रेणुका रडली. ह्या रडण्याला मात्र कारण होतं, धरता येईल असं, सांगता येईल असं, आणि त्यामुळे ते संपलंही. डॉक्टरबाईंनी तिच्या आजाराचं नाव सांगितलं, गोळी लिहून दिली, तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतील म्हणाल्या, ओट्यावरचं बोलणं बंद करू नका म्हणाल्या, आणि अंबादासला एकदा घेऊन या म्हणाल्या. अंबादास ह्या खुर्चीत बसून काय बोलेल? चहा ठेवू का, म्हणेल. रेणुकाला त्याही विचाराने हसू आलं.

बाहेर आल्यावर सृष्टी म्हणाली, "घरी सोडू?" रेणुका म्हणाली, "नाही. मला सावेडी नाक्यावर उतरव." ऊन चढलं होतं. रिक्षातून उतरली तेव्हा तिला भूक लागलेली होती, चक्क भूक, आणि गाड्यावरच्या वड्यांचा वास आला. पण ती थांबली नाही.

कल्याण काऊंटरवर वाकून कुणाच्या तरी मोबाईलचं पोट उघडून बसला होता. समोर एक गिऱ्हाईक उभं. "चिन्नम्मा? ह्या वेळी? काय झालं?" रेणुका स्टुलावर बसली. गिऱ्हाईक होतं, रस्ता होता, हॉर्न वाजत होते, पण ती थांबली नाही. तेलुगूत, अक्का बोलली होती तसंच, तिने ते सगळं सांगितलं. ती कशी हात जोडून बोलत होती, काय काय म्हणाली होती, आणि आज डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते.

कल्याणच्या हातात बारीक स्क्रू-ड्रायव्हर होता. तो त्याने जपून काऊंटरवर ठेवला.

"म्हणजे ती माझ्याबद्दल बोलत होती?"

"तुझ्याबद्दलच. तू पडशील म्हणून भीत होती. तुला सांभाळा म्हणत होती. वेडी नव्हती रे ती. आजारी होती, आणि नीट सांगत होती."

"ओ भाऊ, झाला का मोबाईल?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"थांबा जरा," कल्याण त्याच्याकडे न बघता म्हणाला. त्याने दुसरं स्टूल ओढलं आणि रेणुकाच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल असा बसला. "पुन्हा सांग, चिन्नम्मा. पहिल्यापासून. ती कशी म्हणाली तसं."

रेणुकाने पदराने तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.